श्रोता मोजावा कसा?

दुकानदाराला गिऱ्हाईक दिसते, नाटकवाल्याला प्रेक्षक दिसतो. पण ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या निवेदकाचे काय? आपले बोलणे किती घरांत ऐकले गेले, हे त्या बिचाऱ्याला कळावे कसे?

1952 साली नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताने लोकांची अभिरुची घडवावी, हा हेतू चांगलाच होता. पण रेडिओची कळ श्रोत्याच्या हाती! त्याने ती सरळ सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षी तेथून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाण्याची लोकप्रियता तेथे ध्वनिमुद्रिकांच्या खपावरून आणि श्रोतृसंघांच्या पत्रांवरून ठरे. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि आकाशवाणीने श्रोत्यांचा कौल मानला. 1967 मध्ये तिच्यावर जाहिरातीही आल्या.

जाहिरात आली की आकडा आलाच! पुढे निवडक श्रोत्यांकडे रोजनिशी देऊन, कोणते केंद्र किती वेळ ऐकले ते लिहून घेण्याची पद्धत आली. पण माणूस लिहितो ते आठवून. तोंडी बसलेले नावच आधी आठवते. आज फोनवर ऐकणाऱ्याने गाणे कोठे बंद केले, हेही यंत्र टिपते. का बंद केले, ते मात्र टिपत नाही. पोस्टकार्डावर ते कारण लिहिलेले असे.

केसकरांनी श्रोत्याला विचारले नाही, ही त्यांची चूक. पण केवळ आकड्यालाच विचारून तीच दहा गाणी दिवसभर वाजवणाऱ्याने तरी श्रोत्याला कोठे विचारले?