साथ ओसरल्यावर रुग्णालयाचं काय करायचं?

मे २०२० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर हजार खाटांचं कोविड केंद्र उभं राहिलं. २०२२ मध्ये ते हटवून जागा बुलेट ट्रेनच्या स्थानकासाठी मोकळी झाली. पुण्यात सीओईपीच्या मैदानावरचं आठशे खाटांचं जम्बो रुग्णालयही आता तिथे नाही. उभारणीच्या बातम्या आपण रोज वाचल्या. मोडणीनंतर सामान कुठे गेलं, हे मात्र क्वचितच कुणी विचारलं. रुग्णालय-बांधणीचं एक महत्त्वाचं शास्त्र त्या प्रश्नात दडलेलं आहे.

मैदानावरच्या अशा केंद्रांना बहुधा ‘जर्मन हँगर’ वापरतात. प्रदर्शनांना आणि मोठ्या लग्नांना असतो तोच. ॲल्युमिनियमचा सांगाडा नटबोल्टने जोडायचा आणि वर पीव्हीसीचं कापड ताणायचं. काम संपलं की तो सुटा होऊन पुढच्या मांडवाला जातो. पण हँगर वाऱ्यापुढे हतबल ठरतो. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ येताना आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या वेळी मुंबईतल्या अशा केंद्रांमधले रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले.

खरी नासाडी होते ती आतल्या भिंतींची. त्या बऱ्याचदा पफ पॅनेलच्या असतात: दोन पातळ पोलादी पत्रे आणि मध्ये पॉलियुरेथेनचा घट्ट झालेला फेस. वजनाला हलकं, उष्णता अडवणारं, झटपट बसणारं असं हे साहित्य आहे. मात्र हा फेस एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही आणि पत्र्याला इतका चिकटलेला असतो की दोन्ही वेगळे करणं जिकिरीचं. म्हणून पॅनेल जसंच्या तसं पुन्हा वापरणं हाच त्याचा खरा पुनर्वापर. घाईत ते हवं तसं कापलं, सिलिकॉनने चिकटवलं, की ती संधी गेली. शिवाय खाणीतल्या लोहखनिजापासून एक टन पोलाद करताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारात विकलेलं पोलाद पुन्हा वितळवायलाही ऊर्जा लागतेच. न मोडता वापरलेल्या पत्र्याला ती लागत नाही.

हा विचार नवा नाही. १८५५ मध्ये क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी इसाम्बार्ड ब्रुनेल या अभियंत्याने लाकडी सुट्या भागांचं हजार खाटांचं रुग्णालय आखलं. ब्रिटनमध्ये तयार झालेले भाग जहाजांनी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीकाठी रेन्किओईला नेऊन जोडले. प्रत्येक इमारतीत पन्नास रुग्ण, हवा आत ढकलणारा पंखा, सांडपाण्याची स्वतंत्र सोय, आणि ऊन परतवायला छतावर चकचकीत पत्रा. त्याच युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात माणसं मरत होती त्या मानाने इथले मृत्यू फारच थोडे होते. १८५६ मध्ये युद्ध संपलं आणि त्या इमारती विकल्या गेल्या. सुट्या भागांत बांधलेल्या असल्यामुळेच त्यांना गिऱ्हाईक मिळू शकलं, असं मला वाटतं.

आपल्या काळातला सर्वांत शिकण्यासारखा दाखला इंग्लंडमधल्या एक्सेटरचा आहे. तिथे २०२० मध्ये घरसामानाच्या एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानात ११६ खाटांचं ‘नाइटिंगेल’ रुग्णालय झालं. साथ ओसरल्यावर तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेने ती वास्तू विकत घेतली. आज तिथे खुबे-गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया होतात, डोळे तपासले जातात, सीटी आणि एमआरआय होतात.

असं रूपांतर करताना सर्वांत अवघड असते ती हवा. हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या रुग्णाची खोली बाहेरच्यापेक्षा कमी दाबाची ठेवतात आणि तासाला बाराएक वेळा हवा बदलतात, म्हणजे जंतू बाहेर पडत नाहीत. सांधेरोपणाच्या शस्त्रक्रियागृहात नेमकं उलट करावं लागतं: आत दाब जास्त ठेवायचा आणि गाळलेली हवा बाहेर ढकलत राहायची. पंखे, डक्ट, जाळ्या सगळ्यांचीच दिशा बदलते. छत उंच असेल, डक्टला हात पोहोचेल इतकी जागा वर सोडलेली असेल, तर हे काम भिंती न पाडता होतं. छत ठेंगणं ठेवून दोन पैसे वाचवलेले असतील, तर तोडफोडीला पर्याय उरत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी उपकेंद्रांना आजही धड प्रतीक्षागृह नाही, औषधं ठेवायला कोरडी खोली नाही. जम्बो केंद्रातली अखंड पॅनेलं, दारं, प्राणवायूच्या तांब्याच्या नळ्या तिथे सहज कामी येऊ शकतात. पण कुठली वस्तू कुठे जाणार हे उभारणीआधी ठरलेलं असेल तरच. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या अभियंत्यांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. तात्पुरत्या रुग्णालयाची पुढची निविदा काढताना त्यात तीन अटी घाला: पॅनेल ठराविक मापाचं आणि न कापता बसवलेलं, जोड स्क्रू-बोल्टचे, आणि मोडणीनंतर प्रत्येक वस्तू कोणत्या आरोग्य केंद्राला जाणार याची नावानिशी यादी. साथ आल्यावर हे लिहायला वेळ मिळत नाही, तेव्हा मसुदा आत्ताच तयार करून ठेवा.