डोनोराचे धुरके : दीर्घकाळ न बोललेली आठवण

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराच्या दक्षिणेस, मोनोंगहेला नदीच्या नालाकृती वळणावर डोनोरा हे छोटेसे गाव वसले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे साडेचार हजार आहे. २००८ साली गावाच्या मुख्य रस्त्यावर एक लहान संग्रहालय सुरू झाले. स्वच्छ हवेचा प्रारंभ येथे झाला, अशा आशयाचे त्याचे घोषवाक्य आहे. ऑक्टोबर १९४८ मध्ये विषारी धुरक्याने या परिसरातील २० जणांचा बळी घेतला आणि हजारो नागरिकांना आजारी पाडले, त्या घटनेचे हे संग्रहालय आहे. ते उभे राहण्यास तब्बल ६० वर्षे लागली. या विलंबाचे कारण गावाच्या जडणघडणीत सापडते.

कारखान्यांनी वसविलेले गाव

डोनोराची अधिकृत स्थापना १९०१ साली झाली. पोलाद उद्योजक विल्यम डोनर यांचे आडनाव आणि वित्तपुरवठादार अँड्र्यू मेलन यांच्या पत्नी नोरा यांचे नाव जोडून गावाचे नामकरण करण्यात आले. आसपासच्या टेकड्यांमध्ये दगडी कोळसा होता, मालवाहतुकीसाठी नदी आणि लोहमार्ग होता. अल्पावधीतच नदीकाठावर पोलादाच्या भट्ट्या आणि तारांचे कारखाने उभे राहिले. त्यांची मालकी यू. एस. स्टील या बलाढ्य उद्योगसमूहातील अमेरिकन स्टील अँड वायर या कंपनीकडे होती. पोलादी तार गंजू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा मुलामा देतात. त्यासाठी लागणारे जस्त गाळणारा कारखानाही १९१५ साली येथे सुरू झाला.

कामाच्या शोधात पोलंड, स्लोव्हाकिया, इटली, रशिया आणि स्पेन येथून कुटुंबे आली, त्याचप्रमाणे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कामगारही आले. कंपनीने १९१६-१७ च्या सुमारास काँक्रीट ओतून घरे बांधली. 'सिमेंट सिटी' या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत आजही उभी असून तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे. विख्यात बेसबॉलपटू स्टॅन म्युझियल यांचा जन्म १९२० साली याच गावात एका पोलिश कामगाराच्या घरी झाला. पुढे केन ग्रिफी पितापुत्रांमुळे हे गाव बेसबॉलप्रेमींना अधिकच परिचित झाले.

धूर हा येथील जीवनाचा भाग होता. धुराड्यांतून धूर निघत असला म्हणजे काम सुरू आहे आणि काम सुरू असले म्हणजे वेतन मिळणार, हे गणित प्रत्येक घराला ठाऊक होते. जस्त कारखान्याच्या परिसरातील टेकड्यांवर मात्र गवतही उगवत नव्हते. नदीपलीकडील वेबस्टर येथील शेतकऱ्यांनी पिके आणि फळबागा नष्ट झाल्याची तक्रार करीत अनेक वर्षे न्यायालयाची दारे ठोठावली होती.

काळोखाचे पाच दिवस

२६ ऑक्टोबर १९४८ च्या सुमारास गावावर दाट धुके उतरले. शरद ऋतूत धुके पडणे नित्याचे असल्याने प्रारंभी कोणी त्याची विशेष दखल घेतली नाही. शुक्रवारी, २९ तारखेला, हॅलोवीन सणाची मिरवणूकही पार पडली. परंतु पाहणाऱ्यांना सहभागी मुलांच्या केवळ सावल्या दिसत होत्या. शनिवारी शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामना झाला, तेव्हा प्रेक्षकांना चेंडू धड दिसत नव्हता.

तोपर्यंत मृत्यूंना सुरुवात झाली होती. पहिला मृत्यू शनिवारी पहाटे झाला आणि त्या एकाच दिवसात मृतांची संख्या झपाट्याने वाढली. गावातील मोजके डॉक्टर अहोरात्र घरोघरी फिरत होते. अग्निशमन दलाचे जवान प्राणवायूच्या नळकांड्या घेऊन कुंपणे चाचपत वाट काढीत होते. साठा अपुरा असल्याने एका रुग्णाला थोडा श्वास मिळताच त्यांना पुढचे घर गाठावे लागे. सामुदायिक केंद्रात तात्पुरते मदतकेंद्र उघडण्यात आले आणि तळघरात शवागाराची व्यवस्था करावी लागली. शक्य असेल त्यांनी गाव सोडावे, असे आवाहन आरोग्य मंडळाचे सदस्य डॉ. विल्यम राँगॉस यांनी केले. परंतु समोरचा रस्ता दिसत नसल्याने आणि वाहतूक ठप्प झाल्याने बाहेर पडणेही कठीण झाले होते.

रविवारी, ३१ तारखेला, सकाळी सहा वाजता जस्त कारखान्याच्या भट्ट्या मंद करण्यात आल्या. त्याच दिवशी पाऊस आला आणि धुरके विरले. काही दिवसांतच कारखाना पुन्हा सुरू झाला.

हवा का अडली?

सामान्यतः जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची हवा थंड असते. उबदार हवा वर जाताना धूरही आपल्यासोबत नेते. काही वेळा मात्र थंड हवेच्या थरावर उबदार हवेचा थर येऊन बसतो. यास 'तापमानाची विपरीतता' म्हणतात. अशा वेळी वरचा थर झाकणासारखे काम करतो आणि खालचा धूर खालीच कोंडला जातो. उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात हिवाळ्यात धुरके साचण्यामागेही हेच एक प्रमुख कारण असते. डोनोरा तर टेकड्यांनी वेढलेल्या दरीत होते. विपरीततेची स्थिती अनेक दिवस टिकली, वारा थांबला आणि भट्ट्या मात्र धडधडत राहिल्या. हवामानाने झाकण घातले हे खरे. परंतु त्याखालचे विष कारखान्यांचे होते.

चौकशी आणि तडजोड

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने या घटनेची सविस्तर चौकशी करून १९४९ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार परिसरातील ५,९१० व्यक्तींना, म्हणजे सुमारे ४३ टक्के रहिवाशांना, कमीअधिक त्रास झाला होता. मृत्यूंसाठी कोणत्याही एकाच वायूला जबाबदार न धरता, सल्फर डाय-ऑक्साइड आणि अन्य प्रदूषकांच्या एकत्रित परिणामाची शक्यता अहवालात वर्तविण्यात आली.

पीडितांनी भरपाईसाठी दावे दाखल केले. हा विलक्षण हवामानाचा परिणाम, किंबहुना दैवी आपत्ती होती, अशी कंपनीची भूमिका होती. १९५१ साली सुमारे २ लाख ३५ हजार डॉलर्सवर तडजोड झाली. मागणी ४० लाख डॉलर्सहून अधिक होती. कंपनीने उत्तरदायित्व मान्य केले नाही. पुढे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९४८ मध्ये आजारी पडलेल्यांमध्ये नंतरच्या दशकात आजार आणि मृत्यूचे प्रमाण इतर रहिवाशांपेक्षा अधिक असल्याचे आढळले. त्या २० जणांच्या आकड्यात या मृत्यूंचा समावेश नाही.

मौनाचे कारण

ज्या कारखान्याने माणसे दगावली, त्याच कारखान्यावर गावाची चूल पेटत होती. मृताच्या घरातील मुलगा सोमवारी पुन्हा त्याच दारातून कामावर जाणार होता. अशा गावात दोष कोणाचा, हा प्रश्न उघडपणे विचारणे सोपे नव्हते. १९५७ साली जस्त कारखाना बंद झाला आणि १९६० च्या दशकात पोलादाच्या भट्ट्याही विझल्या. कारखान्यातील तंत्र जुने झाले होते. तथापि धुरक्याच्या बदनामीमुळेच रोजगार गेला, अशीही भावना काहींच्या मनात राहिली. दुःखात शरमेची भर पडली आणि घराघरांत हा विषय टाळला जाऊ लागला.

साथरोगतज्ज्ञ देवरा डेव्हिस यांचे बालपण डोनोरात गेले. महाविद्यालयात शिकत असताना प्रदूषणाविषयीच्या मजकुरात त्यांना डोनोराचे नाव आढळले, तेव्हा या नावाचे दुसरे गाव आहे का, असे त्यांनी आईला विचारले. तोवर त्यांना घरात याविषयी कोणी काही सांगितले नव्हते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने या घटनेकडे पुन्हा लक्ष वेधले.

गावाबाहेर मात्र डोनोराचे नाव विसरले गेले नव्हते. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या पुढाकाराने १९५० साली वायुप्रदूषणावर राष्ट्रीय तांत्रिक परिषद झाली. १९५५ साली अमेरिकेचा या विषयावरील पहिला केंद्रीय कायदा संमत झाला. त्यानंतर १९६३ आणि १९७० साली अधिक व्यापक कायदे आले. या वाटचालीत लंडनमधील १९५२ च्या धुरक्यासह इतर घटनांचाही वाटा होता. परंतु धुराने माणसे मरतात, हे अमेरिकेने आपल्या भूमीवर इतक्या स्पष्टपणे प्रथम डोनोरात पाहिले.

आज संग्रहालयात त्या दिवसांची छायाचित्रे, कारखान्यांतील वस्तू आणि जुनी वृत्तपत्रे जतन केलेली आहेत. पोलाद गाळणाऱ्यांचा अभिमान आणि धुरक्यात गेलेल्यांचा शोक, दोन्ही तेथे शेजारीशेजारी मांडलेले आहेत. एकाची आठवण ठेवण्यासाठी दुसऱ्याला नाकारावे लागत नाही, हे मान्य करण्यास गावाला ६० वर्षे लागली.