जुनेर कुठे कुठे जातं

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याकडून आलेली गाडी थांबवली की तपासणाऱ्याची नजर आधी डिकीकडे जाते. शोध असतो तो बाटल्यांचा. मागच्या सीटवर म्हापशाच्या बाजारातून आणलेली कपड्यांची पिशवी असली, तर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सावंतवाडी तालुक्यातल्या या पट्ट्यात कपडा मात्र अशाच पिशव्यांतून येत राहिला आहे. गोव्यातून येतो, आंबोली घाट उतरून बेळगाव-कोल्हापूरकडच्या व्यापाऱ्यांच्या टेम्पोतून येतो आणि गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून येतो. सोमवारी बांद्याचा बाजार, मंगळवारी सावंतवाडीचा, शुक्रवारी म्हापशाचा. ज्याला घासाघीस जमते आणि वेळ आहे, त्याला इथे आठवड्यातून तीनदा संधी मिळते. गंमत म्हणजे इन्सुलीत एके काळी सूतगिरणीही होती. ती बंद पडली, नाव तेवढं राहिलं.

स्वस्तात नेटके कपडे घालणं ही आज इन्स्टाग्रामवरची 'थ्रिफ्ट' नावाची हौस झाली आहे. २०२०च्या टाळेबंदीत घरबसल्या जुने कपडे विकणारी असंख्य खाती उघडली आणि दुसऱ्याने वापरलेला शर्ट घेणं शहरी तरुणांत एकाएकी प्रतिष्ठेचं ठरलं. कोकणात त्याची प्रतिष्ठा नव्हती, पण सराव भरपूर होता.

त्या सरावाचा मोठा भाग गिरणगावातून आला. मुंबईच्या गिरण्यांत कोकणी माणूस मोठ्या संख्येने होता आणि गिरणीत सगळंच कापड पहिल्या दर्जाचं निघत नसे. डाग पडलेले, विणीत चूक राहिलेले, ताग्याच्या शेवटाला उरलेले तुकडे बाजूला काढले जात. त्यांतल्या मोठ्यांना फेंट, लहानांना रॅग आणि अगदी बारक्यांना चिंधी अशी व्यापारात नावं होती. फेंट वजनावर विकला जाई, मीटरवर नव्हे. असं कापड स्वस्तात मिळालं, की चाकरमानी ते गावच्या ट्रंकेत भरून आणी. मग एकाच छापाचे मुलांचे शर्ट, मुलींचे फ्रॉक आणि उरल्या कापडातून उशीचे अभ्रे निघत. गणपतीत सगळी भावंडं ओळीने उभी राहिली की बँडपथक आल्यासारखं वाटे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि नऊ महिनेही झाले नव्हते तोच, १८ जानेवारी १९८२ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर मनिऑर्डरी आटल्या, तसा हा कापडाचा ओघही आटला.

शिवतानाही हिशेब असे. मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवायचे, म्हणजे आत दोन-तीन बोटं दाब ठेवायचा. मूल उंच झालं की शिवण उसवून दाब खाली सोडायचा. जिथे जुनी घडी होती तिथे कापडाचा मूळ गडद रंग रेघेसारखा उठून दिसे आणि त्या रेघांवरून फ्रॉक कितव्या वर्षात आहे ते कळे. शर्टाची कॉलर घडीवर झिजली की शिंपी ती उसवून उलटी लावून देई. लुगडं मध्येच विरलं की फाटका भाग कापून काढायचा आणि दोन्ही धड तुकडे जोडून दंड घालायचा. नऊवारीची लांबी त्यात कमी होई, पण जोड निऱ्यांत लपवणं प्रत्येक बाईला येत असे.

दुसऱ्या महायुद्धात कापड दुर्मिळ झालं तेव्हा, १९४३मध्ये, सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं आणि 'स्टँडर्ड क्लॉथ' नावाचं ठरावीक दर्जाचं स्वस्त कापड बाजारात आलं. लोकांनी त्याला आपलं साधं नाव दिलं, कंट्रोलचं कापड. ब्रिटनमध्ये १ जून १९४१पासूनच कपडे कूपनांवर मिळत होते आणि १९४३मध्ये तिथल्या सरकारने 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढून बायकांना रफू कसं करावं, नवऱ्याच्या जुन्या पँटमधून स्वतःसाठी काय शिवावं, हे शिकवलं. लंडनच्या गृहिणीला जे छापून द्यावं लागलं, ते सावंतवाडी संस्थानातल्या बाईच्या हातात आधीच होतं. तिचं कौतुक कुणी छापलं नाही, एवढंच.

दंड घालूनही लुगडं नेसण्याजोगं उरलं नाही की ते जुनेर होई आणि खरं तर तिथून त्याचं दुसरं आयुष्य सुरू होई. घरात बाळंतपण असेल तर पहिला हक्क बाळाचा. दुपटी, लंगोट, कुंची, झोळी. यात भावनेचा भाग होताच, पण व्यवहारही पक्का होता. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो, रंग जायचा तेवढा जाऊन झालेला असतो. नव्या कापडाइतकं ते बाळाच्या अंगाला टोचत नाही. राहिलेली जुनेरं, धोतरं, परकर यांची मग वाकळ व्हायची.

वाकळ म्हणा की गोधडी, तिचं तंत्र दिसतं तितकं सोपं नाही. वर आणि खाली त्यातल्या त्यात धड लुगडं, मध्ये विरलेली धोतरं आणि तुकडे, आणि या सगळ्याला कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा. टाके जवळजवळ पडले तरच आतलं कापड गोळा होत नाही. इथे जुनंच कापड का लागतं, त्यालाही कारण आहे. नवं सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं. एक थर आटला आणि दुसरा नाही, की सगळी गोधडी चुणते. जुनं कापड आटायचं ते आटून मोकळं झालेलं असतं. कोकणातली वाकळ देशावरच्या गोधडीपेक्षा पातळ बरी, कारण पावसाळ्यात जाड थर वाळतच नाही. शिवायचं काम म्हणूनच दिवाळीनंतर निघे, शेताची घाई संपलेली आणि ऊन हाताशी.

गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत एक देखणं पुस्तक केलं आहे. आपल्याकडे जी वस्तू पाहुणा आला की माळ्यावर ढकलतात, ती त्यात जाड गुळगुळीत कागदावर झळकते. दक्षिणेकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका अशाच जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. सिद्दींचे आफ्रिकी पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले आणि तिथून बरेचजण घाटावरच्या जंगलात गेले. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना तुकड्यांची 'फुलं' लावतात. फुलांशिवाय ती उघडी-बोडकी दिसते असं त्या मानतात. आज कवंदी परदेशातल्या संग्रहालयांत लावतात. जपानच्या उत्तरेकडच्या गरीब शेतकऱ्यांचे ठिगळांवर ठिगळं लावलेले 'बोरो' कपडेही असेच, एके काळी लाजेचे आणि आता भारी किमतीचे. फाटक्याला भाव यायला ते नेसणारी माणसं बहुधा जावी लागतात.

जुन्या कपड्यांचा उघडा बाजार इथल्या लोकांनी पाहिला तो गोव्यातल्या हणजुण्यात. १९७०च्या दशकात तिथल्या किनाऱ्यावर राहणारे हिप्पी पैसे संपले की आपल्या जीन्स, शर्ट, टेपरेकॉर्डर, कॅमेरे वाळूत मांडून विकत. या बाजाराच्या सुरुवातीचं श्रेय 'एट फिंगर एडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन हिप्पीला देतात. बुधवारचा तो बाजार आजही भरतो, पण आता तिथे माल नवा आणि भाव पर्यटकांचे. कर्नाटकातून आलेल्या लमाणी बायका जुन्या भरतकामाचे तुकडे जोडून पिशव्या, चादरी विकतात. त्यांच्याशी भाव करायचा तर निम्म्याच्या खालून सुरुवात करावी आणि बोलणं हसतखेळत ठेवावं. त्या हरत नाहीत, हे मनाशी धरून चालावं.

शहरांत जुने कपडे हलतात ते बोहारणीच्या टोपलीतून. वाघरी समाजातल्या या बायका स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात कपडे घेतात, धुऊन-दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणतात. जे घालण्याजोगं नसतं ते यंत्रं पुसायला किंवा थेट पानिपतला जातं. पानिपतात जगभरातले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून घोंगड्या विणल्या जातात. परदेशातून वापरलेले कपडे जसेच्या तसे आणण्यावर भारतात निर्बंध आहेत, म्हणून या मालाला आधी कात्रीने चिरावं लागतं. पूरग्रस्तांना वाटलेल्या घोंगड्यांत अशा कोटांचा अंश असतो. १९९९मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज'ने जुन्या कपड्यांना आणखी एक वाट दिली. गावकऱ्यांनी विहीर खोदावी, रस्ता करावा आणि मोबदल्यात कपडे घ्यावेत. भीक नको, मजुरी म्हणून कपडा. या कामासाठी गुप्तांना २०१५चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एवढी परंपरा असताना आज अडचण कुठे आली? कपडा स्वस्त झाला, हीच अडचण. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकण्याआधी जितक्या वेळा घातला जातो, ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घसरलं. भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा जमा होतो, असं २०२२च्या एका अभ्यासात मांडलं आहे. टाटांच्या 'झुडिओ'सारखी दुकानं तालुक्याच्या गावापर्यंत पोचू लागली आणि मोबाइलवर दोनशे रुपयांत कुर्ती घरपोच मिळू लागली. त्यामुळे आठवड्याच्या बाजारात बसणारा विक्रेताही आता तोच पॉलिस्टरचा माल मांडतो.

हिशेब मात्र साधा आहे. तीनशे रुपयांचा टी-शर्ट दहा धुण्यांत बेढब झाला, तर एका घालण्याला तीस रुपये पडले. नऊशेचा चांगला सुती शर्ट दीडशे वेळा अंगावर चढला, तर सहा रुपये. त्यातही हा शर्ट पुढे लहान मुलाचा होतो, मग फडकं होतं. टी-शर्ट काहीच होत नाही. बाजारात कपडा हातात घेतल्यावर 'याचं पुढे काय होईल' हा प्रश्न किमतीआधी विचारावा.

तपासायच्या युक्त्या जुन्याच आहेत. कपडा उजेडासमोर धरावा, विरलेला भाग लगेच दिसतो. उलटा करून शिवण ओढून पाहावी. आत दाब किती ठेवला आहे ते बघावं, कारण सैल करायची सोय त्यातच असते. काख, कॉलर, पँटच्या मांड्या या जागा आधी. ओला रुमाल कोपऱ्यावर चोळावा, रंग सुटतो की नाही ते कळतं. सुती म्हणून दिलेल्या कापडाचा एखादा धागा घरी येऊन जाळला तर खरं-खोटं उमगतं. सूत कागदासारखं जळून त्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मोठ्या मापाचा कपडा लहान करता येतो, उलट करणं अवघड. चेन बदलणं, बॉटम आखूड करणं, कंबर घेणं ही कामं बाजारपेठेतला टेलर हसत करून देतो. खांदे उतरवायला सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो आणि दरही.

कोकणापुरती एक सूचना. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वापरलेले कपडे जूनच्या तोंडावर घेऊ नयेत; गरम पाण्यात धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकता येतील अशा वेळी, दसऱ्यानंतर घ्यावेत. ठेवणीतल्या सुती साड्या खळ काढूनच ट्रंकेत ठेवाव्यात, कारण खळीमुळे कसर लागते.

चांगल्या साडीचा आणखी एक स्वस्त आणि मानाचा मार्ग आहे, देवीची साडी. गोव्यातल्या देवळांत ओटीत आलेल्या साड्यांची पावणी होते, म्हणजे लिलाव. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातही वाहिलेल्या साड्या विकल्या जातात. तिथे साडी जुनी असं कुणी म्हणत नाही. ती प्रसाद ठरते आणि लग्नातही नेसली जाते. दुसऱ्याने दिलेल्या साडीला कुठे नाक मुरडायचं आणि कुठे हात जोडायचे, हे ठरलेलं असतं.

राहता राहिल्या कपाटातल्या पॉलिस्टरच्या साड्या. त्यांची वाकळ होत नाही. सुई सरकते, थर घसरतात, घाम टिपला जात नाही. २०१८मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा बचतगटांनी या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, त्या बऱ्या चालल्या. पण या साड्यांचा सगळ्यात मोठा उपयोग शेतकऱ्याने शोधला आहे. पावसाळ्यात या भागातून जाताना भातशेतीच्या कडेने खुंट्यांना बांधलेल्या लाल, निळ्या, जरीच्या साड्यांची कुंपणं दिसतात. गवे आणि रानडुकरं हलत्या कापडाला बिचकतात, आणि सुती साडी जिथे एका पावसात कुजली असती तिथे ही दोन हंगाम तग धरते. तिसऱ्या हंगामात मात्र तिचे धागे सुटून वाफ्यात मिसळतात आणि नांगराच्या फाळाला गुंडाळले जातात.