पृष्ठभागाची मोजदाद

सोनाराच्या तराजूवर सोन्याचे वजन कळते. परंतु त्यातील किती अणू पृष्ठभागावर आहेत, हे तराजू सांगत नाही. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाबाबत मात्र नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. रासायनिक क्रिया घडते ती पृष्ठभागावर. आत दडलेले अणू निरुपयोगी राहतात. म्हणूनच हा महागडा धातू अ‍ॅल्युमिनासारख्या सच्छिद्र आधारावर अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पसरवितात.

तो कितपत पसरला, याची साक्ष हायड्रोजन देतो. प्रथम नमुना हायड्रोजनमध्ये तापवितात आणि मग निर्वात करून चिकटलेला वायू काढून टाकतात. थंड नमुन्यावर मोजका हायड्रोजन सोडला की त्याचे रेणू दुभंगतात आणि पृष्ठभागावरील प्रत्येक प्लॅटिनम-अणूला सामान्यतः एक हायड्रोजन-अणू बिलगतो. हेच अधिशोषण. दाब किती उतरला, यावरून त्याचे माप मिळते. सैल चिकटलेला वायू उपसून पुन्हा मोजणी करतात. दोन्ही मापांतील फरक म्हणजे घट्ट धरलेला हायड्रोजन.

१ टक्का प्लॅटिनम असलेल्या १ ग्रॅम नमुन्यातील सर्व अणू उघडे असतील, तर प्रमाण तापमान व दाबाला सुमारे ०.५७ घनसेंटिमीटर हायड्रोजन लागेल. निम्माच लागला, तर निम्मा धातू वाया गेला! मात्र ऑक्सिजन मागे राहिल्यास, अथवा हायड्रोजन आधारावर ओसंडल्यास, हिशेब फुगतो.

वापराने व उष्णतेने कण एकत्र येऊन मोठे होतात. वजन तेच राहते, सामर्थ्य घटते. तराजूला न दिसणारी ही झीज हायड्रोजनच्या हिशेबात उमटते.