रोजच्या अपमानाची मोजपट्टी

पदवी असूनही

अमेरिकेत पंचविशी गाठलेला गोरा माणूस त्याच वयाच्या कृष्णवर्णीय माणसापेक्षा सरासरी पाच वर्षं जास्त जगतो, असं १९९८ची आकडेवारी सांगते. गरिबी, कमी शिक्षण ही कारणं लगेच सुचतात. ती खरी आहेत, पण पुरी पडत नाहीत. कारण फक्त शालेय शिक्षण झालेले गोरे हे पदवीधर कृष्णवर्णीयांपेक्षाही जास्त जगतात, हे त्याच आकड्यांत दिसतं. म्हणजे शिकलं, बरी नोकरी लागली, तरी काहीतरी सुटत नाही. ते नेमकं काय, याचा शोध समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स गेली कित्येक दशकं घेत आहेत.

धर्मशास्त्रापासून सुरुवात

विल्यम्स यांचा जन्म अरुबा बेटावरचा, बालपण सेंट लुशियातलं. आधी धर्मशास्त्र, मग लोमा लिंडा विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य आणि शेवटी मिशिगनमध्ये समाजशास्त्रात डॉक्टरेट. येल आणि मिशिगन इथे शिकवून २००६मध्ये ते हार्वर्डला गेले.

नऊ साधे प्रश्न

त्यांचं सर्वांत मोलाचं काम १९९५च्या डेट्रॉइटमधल्या पाहणीतून उभं राहिलं आणि १९९७मध्ये प्रसिद्ध झालं. ते काम म्हणजे रोजच्या भेदभावाची मोजपट्टी: अवघे नऊ प्रश्न. इतरांपेक्षा तुम्हाला कमी सौजन्याने वागवतात का? दुकानात, हॉटेलात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट सेवा मिळते का? तुम्ही हुशार नाही, अप्रामाणिक आहात, असं लोक गृहीत धरतात का? तुम्हाला घाबरतात का? असं किती वेळा घडतं, ते सांगायचं: जवळजवळ रोज ते कधीच नाही.

मला यातली खरी सूक्ष्मता क्रमात दिसते. प्रश्नांत वंशाचं नाव नाही. आधी अनुभव विचारायचा, त्यामागचं कारण नंतर: वंश, लिंग, वय, धर्म, वजन की आणखी काही. त्यामुळे उत्तर आधीच तोंडात घातलं जात नाही. शिवाय नोकरी नाकारली जाणं, घर न मिळणं असे मोठे आघात वेगळे मोजले जातात. इथे मोजायचे ते बारीक ओरखडे, जे सांगायला गेलं तर समोरचा म्हणतो, 'एवढं काय मनावर घ्यायचं!'

पण शरीर मनावर घेतं. अपमान होईल या धास्तीने ते सतत सावध राहतं आणि ताणाची संप्रेरकं पुन्हापुन्हा स्रवतात. या मोजपट्टीवर जास्त गुण असलेल्यांमध्ये वाढलेला रक्तदाब, खालावलेली झोप आणि पोटातली चरबी अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत.

दवाखान्याच्या आत

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नेमलेल्या समितीत विल्यम्स होते. तिच्या २००३च्या अहवालाचा निष्कर्ष धक्कादायक होता: विमा आणि उत्पन्न सारखं असलं तरी अल्पसंख्याक रुग्णांना मिळणारे उपचार कमी दर्जाचे असतात. कित्येकदा डॉक्टरच्या मनात द्वेष नसतो. घाईच्या क्षणी मनात मुरलेले ग्रह निर्णय घेतात, आणि म्हणूनच नुसत्या सदिच्छेवर विसंबता येत नाही.

न पाहिलेला आघात

२०१८मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात विल्यम्स सहलेखक होते. पोलिसांकडून नि:शस्त्र कृष्णवर्णीय माणूस मारला गेला, की पुढचे काही महिने त्याच राज्यातल्या इतर कृष्णवर्णीयांचं मानसिक आरोग्य बिघडलेलं दिसलं. मृताशी त्यांची ओळख असण्याचीही गरज नव्हती. गोऱ्या नागरिकांमध्ये तसा परिणाम आढळला नाही.