पत कशी उभी राहते?

जन्मात कोणाचे उसने न घेतलेला गृहस्थ सज्जन खराच. पण बँकेच्या लेखी त्याला पत नाही. पत ही श्रीमंतीची नव्हे, परतफेडीची नोंद. कर्ज किती घेतले, हप्ता चुकला का, हे पाहून पतमाहिती संस्था ३०० ते ९०० पर्यंत गुण देतात. ज्याने कर्जच काढले नाही, त्याचे पान कोरे. मग पहिले कर्ज त्याला द्यावे कोणी?

याचे एक उत्तर येरवड्याच्या कारागृहात मिळाले. तेथील बंद्यांसाठी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली. कर्ज ५० हजारांपर्यंत, व्याज ७ टक्के. तारण नाही, जामीनदार नाही. आधार कैद्याच्या मजुरीचा, आणि हिशेबात त्याच्या शिक्षेची मुदतही धरलेली. ऋणको पळून जाईल, ही सावकाराची जुनी धास्ती येथे उरत नाही! पैसा घरखर्चाला, वकिलाच्या फीला, फेड मजुरीतून. तुरुंगातला बाप घरचा पुन्हा कर्ता होतो, हे मला व्याजदराहून मोठे वाटते.

अडचण सुटकेनंतरची. तुरुंगातली मजुरी दाराशीच संपते. बाहेर कोणी काम दिले नाही, तर दुसरे कर्ज त्याने कोणत्या मिळकतीवर मागावे?