पुंगळीच्या बुडावरचे शिक्के
(लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण तोफेच्या पितळी पुंगळीची लांबी आणि तोंडाचा व्यास मोजला. आता ती उलटी करून बूड पाहू. उदाहरणाला ब्रिटिश आरमाराची १२ पौंडी तोफ घेतली आहे. टॉर्पेडो बोटींना दूर ठेवण्यासाठी १८९४ पासून ती युद्धनौकांवर बसवली जाऊ लागली.

बुडावर आधी दिसते ती ‘१२ पीआर १२ सीडब्ल्यूटी’ ही ओळ. पहिले १२ म्हणजे गोळ्याचे वजन, पौंडांत. दुसरे १२ भल्याभल्यांना चकवतात. ‘सीडब्ल्यूटी’ म्हणजे हंड्रेडवेट, आणि हे वजन तोफेच्या नळीचे आहे, म्हणजे सुमारे ६१० किलो. याच ३ इंची व्यासाच्या ८ आणि १८ हंड्रेडवेटच्या तोफाही वापरात होत्या, तेव्हा घोटाळा टाळायला हा आकडा हवाच होता. शेजारचा रोमन आकडा पुंगळीच्या आराखड्याची आवृत्ती सांगतो.

कारखान्याची खूण बहुधा आद्याक्षरांत असते. ‘ईओसी’ म्हणजे एल्सविक, ‘केएन’ म्हणजे किंग्ज नॉर्टन. ‘आर’ आणि ‘एल’च्या मधोमध बाण असेल तर ती वूलविचच्या रॉयल लॅबोरेटरीची. हा रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालकीची जुनी निशाणी. जर्मन शाही आरमाराचा माल मुकुट आणि त्याखालच्या ‘एम’वरून ओळखतात. नांगर मात्र अमेरिकन आरमाराच्या तपासनिसांचाही आहे आणि जपान्यांचाही, त्यामुळे नुसत्या नांगरावर देश ठरवू नये.

माझा जीव जडला आहे तो ‘सी’ आणि ‘एफ’ या दोन अक्षरांवर. ‘सी’ म्हणजे कॉर्डाइट ही दारू, ‘एफ’ म्हणजे तिचा पूर्ण भार. ‘एफ’च्या जागी ‘आर’ असेल तर कमी भार. पितळ महाग. उडवलेली पुंगळी फेकून न देता परत येई, मापात बसवून पुन्हा भरली जाई, आणि दर भरणीला नवा ठसा उमटे. प्रत्येक बारात पितळावर ताण येतो, म्हणून हा हिशेब पुंगळीवरच ठेवलेला. दाटीवाटीने बसलेले, काट मारलेले ठसे दिसले तर घाई न करता भिंगाखाली एकेक वाचावेत. पुंगळीचे सगळे आयुष्य तिथे आहे.

म्हणूनच बुडावरचे साल जपून वाचायला हवे. ते पुंगळी घडवल्याचे साल. बार कधी झाला ते त्यावरून कळत नाही. १९१५ची पुंगळी दाखवून ‘ही जटलंडच्या लढाईतली’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. ती लढाई १९१६च्या मे महिन्याच्या अखेरीस झाली, एवढे खरे. पण तीच पुंगळी पुढे १९१८ साली सरावातही उडलेली असू शकते. लढाईचे नाव लावायचे तर जहाजाचा कागद हवा, पितळ पुरत नाही. मधल्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, वेगळे साल असले तरी बनावट समजू नका; भरणीच्या वेळी प्रायमर बदलत असत.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. प्रायमरवर पिनेचा खळगा दिसत नसेल तर पुंगळीला हात लावू नका, पोलिसांना कळवा. आणि पितळ चकाकवण्याच्या नादात बूड घासू नका. तपासनिसाचा ठसा सगळ्यांत उथळ असतो, आणि पहिला तोच पुसला जातो.

पुढच्या लेखांकात जर्मनांच्या पोलादी पुंगळ्या आणि १९४० नंतर कारखान्यांची नावे झाकणारी त्यांची सांकेतिक अक्षरे पाहू.